एक जून

हडर्सफील्डच्या औषधांच्या दुकानात
मी दिवसभर लोकांना त्यांचा जन्म विचारतो.
नाव, पत्ता, जन्मतारीख,
त्याशिवाय पिशवी हातात द्यायची नाही, असा नियम.
कुणी पटकन सांगतं, उधारी फेडावी तसं,
कुणी आवाज खाली आणून, साल अर्धं गिळून.
मिसेस अर्नशॉ औषध स्वतःचं नेते
आणि तारीख सांगते नवऱ्याची.
दोन वर्षं झाली त्याला जाऊन.
मी थांबतो. मग ती आपली शोधते,
पर्सच्या तळाशी गेलेली चिल्लर शोधावी तशी.

ग्लेनिसला नुसता महिना पुरतो.
नोव्हेंबरचा माणूस मनात ठेवतो, म्हणते,
मार्चवाला कधी वेळेवर येत नाही,
जानेवारीतल्यांना वर्ष म्हणजे चढण
आणि जुलैतल्यांना उतार.
एकदा लेबलं चिकटवता चिकटवता माझ्याकडे वळली :
तू जूनचा. त्यात पहिली तारीख. मिथुन.
बोलघेवडा, उतावळा, एका अंगात दोन माणसं.
मी पाच पाच गोळ्या सरकवत होतो,
पंचवीसवर येऊन अडलो,
पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तिला कसं सांगू?
आमच्या वर्गात चौतीस मुलं होती
आणि त्यातली एकवीस एक जूनला जन्मली होती.
खांबेटे गुरुजींनी एका सकाळी
दौतीत टाक बुडवून आम्हाला जन्माला घातलं,
एकाच शाईत, एकाखाली एक.
कुणी रडलंसुद्धा नाही.
एकवीस मिथुन!
त्यातला बापू तोडकरी
चौथीपर्यंत एक शब्द बोलला नाही.

आई म्हणायची, तारीख कसली?
ज्वारी हुरड्यात आली होती,
तांबडी म्हैस त्याच रात्री व्याली
आणि तुझ्या काकानं शेकोटीत हात भाजून घेतला.
तिच्या काळाला आकडे नव्हते, साक्षीदार होते.
म्हैस गेली. काका गेला. मग आई.
आता दाखला तेवढा आहे.

शाल्मलीचं तसं नाही.
तिचा जन्म मिनिटासकट लिहिलेला,
एकतीस ऑगस्ट, रात्री अकरा बावन्न.
इथं शाळेचं वर्ष एक सप्टेंबरला कापतात.
आठ मिनिटं दम धरला असता
तर वर्गात सगळ्यांत थोरली झाली असती.
धरला नाही. सगळ्यांत धाकटी झाली.
बाई लिहायच्या, गुणी आहे, पण मागे राहते.
आता तिशी उलटली तिची,
गाडीच्या चाळीस मिनिटं आधी स्टेशनवर जाऊन उभी राहते.
कन्या रास, ग्लेनिस म्हणते, शिस्तीची.
असेल.
मला दिसतात बुटाच्या न बसणाऱ्या गाठी,
चार वर्षांची बोटं,
आणि कोट घालून दाराशी
खोळंबलेला सगळा वर्ग.

जूनमध्ये ग्लेनिस केक आणते.
रात्री दहालाही उजेड असतो त्या दिवसांत.
मी फुंकर मारतो,
दुसऱ्याच्या घरी पाहुण्यानं दार ढकलावं तशी, बेतानं.

डिसेंबरात मात्र
पावणेचारला रस्त्यावर दिवे लागतात,
टेकडीवरचा मनोरा दिसेनासा होतो
आणि कुठल्याशा एका संध्याकाळी,
दर वर्षी वेगळ्या,
शटर ओढण्याआधी मी तळहात चोळत उभा राहतो.
तोंडात भाजल्या दाण्याची गोडी येते
असं लिहिणार होतो. येत नाही.
खोकल्याच्या औषधाचा वास असतो, बस्स.
तरी वाटतं, आजच असावं ते.

काय पुटपुटतोस, ग्लेनिस विचारते.
सहासष्ट, मी म्हणतो.
तिला वाटतं, गोळ्या मोजतोय.